औषधदान : संकटापूर्वीचे दान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा कृतज्ञतेचा तसाच आत्मपरीक्षणाचाही असतो. जैन परंपरेने श्रावकाला चार प्रकारचे दान सांगितले आहे : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. यांपैकी आहारदानासाठी समाजाने भोजनशाळा उभारल्या. शास्त्रदानासाठी पाठशाळा, ग्रंथालये व विद्यार्थी वसतिगृहे काढली. अभयदानासाठी पांजरपोळ चालविले. औषधदानासाठीही धर्मार्थ दवाखाने निघाले, शिबिरे भरली. तथापि औषधदानाचा एक भाग अद्याप उपेक्षित राहिला आहे, आणि तो म्हणजे संकट येण्यापूर्वी करून ठेवावयाची औषधांची तजवीज.

उपवासाची सवय असलेल्या समाजाला एक वेळचे अन्न न मिळाल्याचे फारसे दुःख होत नाही. पण ज्याचे जीवन इन्शुलिनवर अवलंबून आहे, त्याची मात्रा चुकली तर उपवासाचे पुण्य त्याच्या कामी येत नाही. फिट्सच्या रुग्णाची गोळी दोन दिवस चुकली तर त्याला झटका येऊ शकतो. अन्नाचे दान उशिरा पोहोचले तरी उपयोगी पडते. औषधाला मात्र वेळेचे बंधन आहे. म्हणून या दानाची सुरुवात संकटाच्या आधीच व्हावी लागते.

कृष्णाकाठच्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा असा पूर पुन्हा येणार नाही असे अनेकांनी स्वतःला समजावले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते पुन्हा ५४ फुटांच्या वर चढले. २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. रस्ता बंद झाला म्हणजे दूध, भाजी, इंधन यांच्याबरोबर औषधांची गाडीही थांबते. पेठेतील औषधांची दुकाने पाण्यात असतात आणि जी दुकाने उंचावर असतात त्यांचा साठा दोन-तीन दिवसांत संपतो.

त्या दिवसांत एक दृश्य घरोघर दिसले. पाणी अंगणात आले की मंडळी दागिने, दुकानाच्या वह्या, जमिनीची कागदपत्रे आणि देवघरातील मूर्ती उचलून वरच्या मजल्यावर नेतात. बोट येते, वृद्ध आईवडिलांना त्यात बसविले जाते. निवारा केंद्रात पोहोचल्यावर डॉक्टर विचारतात, "आजोबा, रक्तदाबाची कोणती गोळी घेता?" आजोबा म्हणतात, "पांढरी, लहान, सकाळी एक." गोळ्यांची पट्टी घरी राहिलेली असते आणि डॉक्टरांचा कागद कपाटात भिजत असतो. औषधाचे नाव घरात कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी डॉक्टरही हतबल होतात, कारण पांढऱ्या लहान गोळ्या शेकडो प्रकारच्या असतात.

आपत्तीसाठी औषधे ठेवावीत असे म्हटले की मलमपट्टीची पेटी डोळ्यांपुढे येते. ती हवीच. पण पुरात वा भूकंपात जखमी होणाऱ्यांपेक्षा रोजची औषधे तुटणाऱ्यांची संख्या पुष्कळ मोठी असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, थायरॉइड, फिट्स हे विकार आज घरोघर आहेत. त्यामुळे पूर्वतयारीचे पहिले पाऊल अगदी साधे आहे. घरातील प्रत्येक रुग्णाची निदान दोन आठवड्यांची नेहमीची औषधे शिल्लक असली पाहिजेत आणि त्यांची यादी कागदावर असली पाहिजे.

येथे एखाद्या चिकित्सक श्रावकाच्या मनात शंका येईल. अपरिग्रह हे आपले व्रत. मग साठा करणे हे त्याच्या विरुद्ध नव्हे काय? शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर अलीकडच्या काळानेच दिले आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या प्रारंभी मुखपट्ट्या व हात निर्जंतुक करण्याचे द्रव बाजारातून इतके नाहीसे झाले की केंद्र सरकारला त्यांचा समावेश जीवनावश्यक वस्तूंमध्ये करावा लागला. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविर इंजेक्शनसाठी नातेवाइकांनी रात्र-रात्र रांगा लावल्या आणि काळा बाजार झाला. वास्तविक हे औषध रुग्णालयातील रुग्णांना सरसकट देऊ नये, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच केली होती. भीतीपोटी केलेला साठा दुसऱ्याच्या तोंडचे औषध काढून घेतो. तो निःसंशय परिग्रह आहे, आणि त्यात हिंसाही आहे.

याउलट परिग्रह-परिमाण व्रत म्हणजे आधी मोजणे आणि मग मर्यादा घालणे. बाजारात मुबलकता असताना, गरज मोजून, दोन आठवड्यांची सोय करणारे घर संकटकाळी रांगेत उभे राहत नाही. त्याची रांगेतील जागा दुसऱ्या गरजूला मिळते. साठा शांततेच्या काळात केला, मोजून केला, वेळच्या वेळी वापरला आणि प्रसंगी शेजाऱ्याला दिला, तर तो व्रताशी सुसंगतच ठरतो. संकट दारात आल्यावर दुकानाकडे धावणे मात्र व्रतालाही धरून नाही आणि शहाणपणालाही.

औषध महाग असले म्हणजेच ते जीवनदायी असते, असाही एक समज आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा प्रमाणात मिसळून त्याच्या पुड्या बनविल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटविली आणि ते पाणी रुग्णांना त्यांच्या नातेवाइकांकरवीच पाजविले. जेथे ३० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत होते, तेथे हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये डॉ. महालनबीस यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्यांनी वापरलेल्या मिश्रणाचेच सुधारित रूप म्हणजे आज दुकानात अल्प किमतीत मिळणारी ओआरएसची पुडी. ती प्रत्येक घरात असावी. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच एका वेळी मिसळावी आणि चोवीस तासांत संपवावी. अर्धी पुडी पेल्यात टाकण्याची सवय घातक आहे, कारण क्षारांचे प्रमाण बिघडते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ, एवढ्याने वेळ निभावते.

पाण्याच्या बाबतीत तर जैन आचाराने समाजाला फार पूर्वीच सावध केले आहे. पाणी गाळून व उकळून घेण्याची शिस्त लहानपणापासून अंगी बाणलेली असते. रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांत केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळून घेणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे त्यात आढळले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडाच्या घडीत अडतात. वापरून मऊ झालेल्या सुती कापडाची वीण दाटते, म्हणून नव्यापेक्षा जुने कापड या कामी चांगले. परंतु गाळण्याने सर्व जंतू जात नाहीत. पुराच्या दिवसांत पाणी गाळून, खळखळून उकळी आणूनच प्यावे. इंधन नसेल तेव्हा आरोग्य खात्याकडून मिळणारे क्लोरीनचे थेंब वा गोळ्या सांगितलेल्या प्रमाणात वापराव्यात.

आता घरातील औषधपेटीकडे वळू. पेटी प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची आणि एका हाताने उचलता येईल एवढीच असावी. तीत पुढील वस्तू असाव्यात :

१. प्रत्येक सदस्याचे औषधपत्रक. नाव, वय, रक्तगट, विकार, औषधाचे मूळ नाव व मात्रा, कोणते औषध सोसत नाही, डॉक्टरांचा दूरध्वनी. त्याच्या दोन प्रती काढाव्यात. एक पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी, दुसरी परगावच्या नातेवाइकाकडे द्यावी. मोबाइलमधील छायाचित्र उपयोगी आहे, पण वीज गेल्यावर मोबाइलही बंद पडतो.

२. नेहमीची औषधे, दोन आठवड्यांची. दम्याच्या रुग्णाचा पंप आणि मधुमेही व्यक्तीसाठी साखर वा ग्लुकोज आठवणीने ठेवावे.

३. ओआरएसच्या पुड्या. लहान मुले असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या.

४. तापासाठी पॅरासिटामॉल. पावसाळी तापात डेंग्यूची शक्यता असल्याने अ‍ॅस्पिरिन वा इतर वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

५. अंगावर पित्त उठणे, आम्लपित्त यांवर कुटुंबाच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या.

६. जखमेसाठी साबण, पोव्हिडोन आयोडिनचे मलम, निर्जंतुक गॉझ, पट्ट्या, चिकटपट्टी व कात्री.

७. तापमापक, बॅटरी, क्लोरीनच्या गोळ्या आणि गाळण्याचे स्वच्छ सुती कापड.

सुंठ, ओवा, हरडे, हळद यांचा डबा जैन घरात असतोच. किरकोळ अपचन वा सर्दीत त्यांनी आराम पडतो. परंतु सतत जुलाब, रक्त पडणे, श्वास लागणे, छातीत दुखणे यांवर घरगुती काढ्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

काय ठेवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. उरलेली प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, पुढच्या वेळेसाठी जपून ठेवण्याची सवय सोडावी. ज्या पट्टीवर लाल रेघ असते ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाची नसते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. जनावरांच्या, विशेषतः उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात चालल्याने हा रोग होतो. त्याच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देतात, परंतु ते गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना सरसकट चालत नाही. म्हणून पुराच्या पाण्यातून चालून आलेल्याने स्वतः गोळी न शोधता आरोग्य केंद्रात जावे. सर्पदंशावरील लसही घरात ठेवण्याची वस्तू नव्हे. ती रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावी लागते. धनुर्वाताची लस मात्र पावसाळ्यापूर्वीच वेळापत्रकानुसार घेऊन ठेवता येते, आणि तीही पूर्वतयारीच होय.

साठवणुकीचे नियम थोडे आहेत. औषध कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे. स्वयंपाकघरात शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नये. पट्टीच्या ज्या टोकाला मुदत छापलेली असते, त्याच्या उलट टोकाकडून गोळ्या काढाव्यात, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख वाचता येते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे, पण गोठू देऊ नये. वापरात घेतलेले साधारण चार आठवडे थंड खोलीत टिकते. वीज नसेल तेव्हा मातीच्या ओल्या मडक्यात, कुपी भिजणार नाही अशा बेताने ठेवल्यास उष्णतेपासून बचाव होतो.

आता एक नाजूक विषय. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. त्यामुळे अनेक श्रावक-श्राविका ऐन आजारात औषध नाकारतात. याचा विचारही आधी करता येतो. त्याच औषधाची गोळी वा पातळ औषध मिळते का, वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल आहे का, हे डॉक्टरांना शांतपणे विचारून पत्रकात नोंदवावे. इन्शुलिनही पूर्वी गायी-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढीत. १९८२ पासून सूक्ष्मजीवांकरवी बनविलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले आणि आज प्रामुख्याने तशाच प्रकारचे वापरले जाते. ही माहिती नसल्याने कोणी उपचार सोडू नये. अहिंसा व चिकित्सा यांची सांगड घालण्याचा प्रयत्न जैन आचार्यांनी हजार वर्षांपूर्वी केला आहे. नवव्या शतकातील उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ मद्य, मांस व मध वर्ज्य करून चिकित्सा सांगतो. तो १९४० मध्ये आपल्या सोलापुरातूनच प्रकाशित झाला, ही महाराष्ट्रातील जैनांना अभिमानाची गोष्ट आहे.

घरानंतर ट्रस्टचे कर्तव्य येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता करून आणि गणेश विसर्जन करून माणसे झोपली होती, आणि कित्येक हजार पुन्हा उठलीच नाहीत. पुराची सूचना मिळते, भूकंपाची मिळत नाही. त्या वेळी श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० आपद्‌ग्रस्त मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. आपत्तीनंतर जैन समाज काय करू शकतो याचे ते उज्ज्वल उदाहरण आहे. तोच उत्साह आपत्तीपूर्वीच्या शांत, कंटाळवाण्या कामातही दिसावयास हवा.

शास्त्रकारांनी दानाचे मोल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार अंगांनी केले आहे. ट्रस्टच्या औषधसाठ्यालाही तीच कसोटी लावता येते.

विधी म्हणजे पद्धत. एक डॉक्टर, एक नोंदणीकृत औषधनिर्माता व दोन कार्यकर्ते यांची समिती असावी आणि तिच्याकडे एक नोंदवही असावी. आवक, जावक, शिल्लक व मुदत असे चार रकाने पुरेत. चिठ्ठीची औषधे डॉक्टरांच्या सहीशिवाय कपाटाबाहेर जाऊ नयेत. साठा तळघरात वा तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवावा. हा धडा कृष्णा-पंचगंगेने तीनदा शिकविला आहे.

द्रव्य म्हणजे औषधाची शुद्धता. घरात उरलेल्या, अर्ध्या कापलेल्या, मुदत संपत आलेल्या पट्ट्या पेटीत टाकणे म्हणजे औषधदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करून सांगितले की दान केलेल्या औषधाची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. मुनिमहाराजांच्या आहारासाठी श्रावक शिळे अन्न काढीत नाही. पीडितासाठी शिळे औषध का काढावे? मुदत संपलेली औषधे नदीत वा कचऱ्यात न टाकता रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या व्यवस्थेत द्यावीत, म्हणजे जलचरांची हिंसाही टळते.

दाता म्हणजे देणाऱ्याचा भाव. फलकावर नाव येणाऱ्या इमारतीला देणगी सहज मिळते. दर सहा महिन्यांनी बदलावयाच्या ओआरएसच्या पेट्यांना आणि प्राणवायू यंत्राच्या दुरुस्तीला फलक नसतो. निष्काम दानाची परीक्षा तेथेच होते.

पात्र म्हणजे गरजू. पुराच्या पाण्यात जात-पंथ उरत नाही. ट्रस्टचे कपाट प्रथम साधर्मिकांसाठी की सर्वांसाठी, हा प्रश्न शांततेच्या काळातच निकालात काढावा. ज्याची गरज अधिक त्याला प्रथम, एवढा एकच नियम करुणेला शोभतो.

शेवटी दिनदर्शिका. चातुर्मास आषाढात सुरू होतो आणि महापूर त्याच महिन्यांत येतात. म्हणून चातुर्मास-स्थापनेपूर्वीच्या रविवारी प्रत्येक घराने व ट्रस्टने औषधपेटी उघडावी, तारखा तपासाव्यात व भर घालावी. दुसरी तपासणी दिवाळीत, भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवाच्या वेळी व्हावी. व्यापारी घरांत त्या दिवसांत शिल्लक मालाची मोजदाद होते आणि नव्या वहीचे पूजन होते. त्याच बैठकीत औषधांचीही मोजदाद करावी. जुना माल आधी खपवावा आणि नवा मागे लावावा, हा पेढीचा नियम औषधाच्या कपाटालाही जसाच्या तसा लागू पडतो. मुदतीला चार-सहा महिने उरलेली औषधे नित्याच्या दवाखान्यात वापरून टाकावीत, म्हणजे काहीच वाया जात नाही.

सुवर्णमहोत्सवानिमित्त मोठ्या योजनांचे संकल्प होतील आणि ते व्हावेतच. त्यांच्या जोडीला एक लहान संकल्प या सभागृहातून प्रत्येकाने घरी न्यावा. आज रात्री घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्या औषधांची नावे एका कागदावर लिहून घ्यावीत. त्यासाठी एक रुपयाही खर्च नाही, एक घटका मात्र द्यावी लागेल. पुढच्या पुरात बोटीतून उतरणाऱ्या एखाद्या आजोबांच्या खिशात तो कागद निघाला, तर ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या सेवेत आणखी एका प्राण्याच्या रक्षणाची नोंद होईल.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो. जय जिनेंद्र!